तिसऱ्या थांब्यावरची बाई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले. पेन टेबलाखाली गेलं होतं.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचं घोरणं कमी झालं का, की तू अजून उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जातेस? आम्ही मायलेकी मजेत. लेकीचे पुढचे दोन दात पडलेत आणि त्या फटीतून ती दिवसभर शिट्टी वाजवत असते. आपण आठ महिने बोललेलो नाही हे माझ्या लक्षात आहे, पण लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली आहे.

तू तेव्हा म्हणालीस, मी सरकारचं फुकटचं खाते. फार लागलं होतं गं. पण ती मदत फुकट मिळतच नाही. लहान मूल पदरात असलेल्या आईबापांना दर महिन्याला मिळते खरी, मात्र तिच्या बदल्यात आठवड्याला वीस तास शिकायला जावं लागतं. सकाळी अर्धवट सुटलेली शाळा, दुपारी एखादं काम. सकाळच्या वर्गातली बाकं लहान मुलांची आहेत, त्यामुळे आम्ही सगळे गुडघे कानाशी घेऊन अपूर्णांक सोडवतो. (माझा गृहपाठ लेक तपासते. लाल पेन्सिलीने, आणि दयामाया न दाखवता.) दुपारचं काम निवडायला कार्यालयातल्या बाईंनी एक यादी पुढे केली होती : शिवण, टायपिंग, रुग्णसेवा, बस चालवणं. मी शिवणासमोर खूण करणार होते. पण नेमकी त्यांच्या खिडकीबाहेर एक लांबलचक बस वळायला लागली, आणि ती इतकी सावकाश, इतकी आपल्याच तंद्रीत वळत होती की मी बघत राहिले आणि हाताने भलत्याच चौकटीत खूण केली. मी भानावर येईपर्यंत बाईंनी शिक्काही मारला होता.

खिडकीबाहेर बघत बसते म्हणून मी लहानपणी आईचे किती धपाटे खाल्ले, तू साक्षीला आहेस. ताई, बस चालवणं म्हणजे दुसरं आहे तरी काय! भिंतीएवढी काच, उंच खुर्ची, आणि समोर बघत राहा म्हणून ओरडणारा माणूस. हा माणूस म्हणजे आमचे ब्रेकमास्तर. ते शेजारी बसतात, त्यांच्या पायाशी ब्रेक नाही, तरी वळण आलं की ते जमिनीवर पाय दाबतात. (त्यांच्या उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या आधी झिजलाय.) आगाराच्या मागच्या मोकळ्या पटांगणात पांढऱ्या रेघांचा रस्ता आखलाय आणि चार खांब रोवलेत, ते चार थांबे. बस रिकामी. थांबायचं, दार उघडायचं, मनात दहा मोजायचे, दार बंद. दुपारचं ऊन काचेतून मांडीवर येतं, इंजिन पोटात गुरगुरत असतं, आणि मला त्या खांबांपाशी माणसं दिसायला लागतात. पहिल्यापाशी छत्रीवाले आजोबा. दुसऱ्यापाशी शाळेतली पोरं, एकमेकांची दप्तरं ओढणारी. मी रोज त्यांना चढवून घेत होते आणि कुणाला त्याचा त्रास नव्हता.

मग परीक्षा आली. परीक्षकसाहेब मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसले. पहिले दोन थांबे झकास झाले. तिसऱ्यापाशी मी दार उघडलं आणि आरशात मला एक बाई पळत येताना दिसली. कडेवर पोर, एका चपलेचा अंगठा तुटलेला. मी थांबले. मास्तर खाकरले. साहेबांनी विचारलं, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, येतायत त्या, लेकरू आहे ना कडेवर. (ताई, तेही मान वाकडी करून बाहेर बघायला लागले!) तीन मिनिटं गेली. मी दार लावलं, धरून उभ्या राहा हं, असं मागे वळून म्हटलं आणि मगच हँडब्रेक सोडला. तेव्हा साहेबांनीच समोरच्या बाकाचा दांडा घट्ट धरला होता.

निकालाच्या कागदावर लिहिलंय, गाडीवर ताबा उत्तम, न आलेल्या प्रवाशासाठी तीन मिनिटं थांबल्या, नापास. वर्गात सगळे पोट धरून हसले, मीही हसले. पण ती बाई कोण ते मला ठाऊक आहे. लेक कडेवर होती तेव्हा तिला पाळणाघरात सोडायला निघालेली मी. त्या सकाळी बसचं दार माझ्या तोंडावर बंद झालं, मी कामावर तिसऱ्यांदा उशिरा पोचले आणि पॅकिंगची नोकरी गेली. तिथून ही मदत, आणि तिथूनच आपलं भांडण.

मंगळवारी फेरपरीक्षा आहे. पुन्हा नापास झाले तर नाव कटतं आणि मदतही थांबते. बाकी सगळं ठीक.

तुझी,
धाकटी

ता. क. मास्तरांनी (माझ्यामुळेच) नवा नियम काढलाय. फेरपरीक्षेला बस रिकामी ठेवायची नाही. प्रत्येकाने घरची दोन माणसं आणायची आणि थांब्यावर उभी करायची, म्हणजे चालकाला दुसरं कुणी दिसणार नाही. माझ्या घरचं एक माणूस म्हणजे लेक. दुसरं कोण, ते मी कागदावर तुला न विचारताच लिहून टाकलंय. रागावू नकोस.

ता. क. २. तिसऱ्या थांब्यावर उभी राहा. लेकीचा हात धर, ती शिट्टी वाजवते.

ता. क. ३. अकराच्या ठोक्याला ये. कुणी वेळेवर आलं नाही तर दार लावून निघायचं, हे मास्तरांनी माझ्याकडून शंभरदा म्हणवून घेतलंय. पण तू पळत येताना दिसलीस तर मी थांबणार आणि नापास होणार. तेव्हा ताई, जन्मात एकदा तरी वेळेवर ये.