बसायची सोय

३ मार्च, रविवार

डॅडींना मशीन नको आहे की मी नको आहे? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. चार वर्षं पर्यावरणशास्त्र शिकले, त्यात हा विषय नव्हता.

वस्तुस्थिती अशी. 'स्टिडम लॉन केअर'मध्ये माणसं दोन: डॅडी आणि मी. डॅडी खताची ढकलगाडी घेऊन दिवसभर लोकांच्या लॉनवर चालतात. मग फवाऱ्याचा पाइप ओढत तेवढंच पुन्हा चालतात. उजवा गुडघा कामातून गेला आहे. डॉक्टर म्हणतात, बदलून घ्या. डॅडी म्हणतात, एवढा सीझन होऊ दे. सीझन दर वर्षी होतो.

माझा उपाय: वर स्वार होऊन चालवायचं मशीन. पुढे खत फेकणारी चकती, खाली फवाऱ्याची दांडी, एका फेरीत दोन्ही कामं. मशीन मी चालवायचं, डॅडींनी जूनमध्ये गुडघा बदलून घ्यायचा. ते पुन्हा चालू लागेपर्यंत धंदा माझ्या हातात आलेला असेल, आणि मग हळूहळू रसायनं बंद.

जेवताना सगळं मांडलं. डॅडी डोळे मिटून ऐकत होते. मॉम म्हणते झोपले होते. तसं नव्हतं. विचार करत होते.

९ मार्च, शनिवार

डॅडींना घेऊन डीलरकडे गेले. विक्रेता किप रॅस्मुसेन. माणूस गोड, पण जरा जास्तच.

मशीनं दोन प्रकारची. एक उभ्याचं: मागच्या फळीवर उभं राहून चालवायचं. दुसरं बसायचं. मी आधीच अभ्यास करून गेले होते. उभ्याचं हलकं, अरुंद अंगणात चटकन वळतं, उतारावर घसरू लागलं तर उडी मारता येते. शिवाय सतत बसणं शरीराला घातक, यावर मी तिसऱ्या वर्षी निबंध लिहिला होता.

डॅडींनी एकच गोष्ट विचारली, बसायची सोय कुठल्याला आहे. किपने दाखवलं. डॅडी बसले. मी किपशी उभ्याच्या मशीनबद्दल बोलत होते तोवर बसूनच होते. किपने कॉफी तिथेच नेऊन दिली. दमले असावेत.

परतताना सांगितलं, उभ्याचं ठरवते आहे. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू शिकलेली, पोरी. तुला कळतं."

विश्वास टाकला माझ्यावर. रात्री मॉमला हे वाक्य दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा भांडी पुसत राहिली.

१६ मार्च, शनिवार

मशीन आलं. बदल्यात माझी गाडी दिली. मावशीची जुनी गाडी होती, आठवणी होत्या, पण गाडी म्हणजे धूरच. आता डॅडींच्या ट्रकमधून त्यांच्या शेजारी बसून जाईन. एक गाडी कमी, हवा तेवढी स्वच्छ.

डॅडींना म्हटलं, फळीवर चढून तर बघा. चढले. अंगणाला एक फेरी मारली आणि उतरले. फळी हादरते, म्हणाले. मग गॅरेजच्या दाराला धरून बराच वेळ उभे राहिले. सवय व्हायला वेळ लागतो. तसंही मशीन त्यांच्यासाठी नाहीच. म्हणजे, त्यांच्यासाठीच आहे. त्यांना चालवावं लागू नये म्हणून.

ट्रकच्या दारावर लावायला चुंबकाची पाटी करून घेतली: 'स्टिडम अँड डॉटर'. डॅडींनी वाचली. म्हणाले, दाराला पोचा पडला आहे तिथे नीट बसणार नाही, पोचा काढला की लावू.

६ एप्रिल, शनिवार

सोमवारी फोर्सिथिया फुलला. डॅडींचा नियम: ही पिवळी झुडपं फुलली की पहिलं खत. विज्ञान जमिनीचं तापमान मोजायला सांगतं. मोजलं. तेच निघालं. झुडपाचा योगायोग.

पहिला आठवडा उत्तम. एका आजोबांची पोस्टाची पेटी माझ्याकडून आडवी झाली, पण ती आधीच कललेली होती.

एक सुधारणा केली. डॅडींना एक जुनी खोड आहे. खत टाकून झालं की पाठीवर ब्लोअर चढवायचा आणि फरशीवर, गाडी आत नेण्याच्या ड्राइव्ह-वेवर उडालेले दाणे फुंकून गवतात ढकलायचे. प्रत्येक घरी. कानठळ्या बसतात, पेट्रोल जळतं, आणि पक्ष्यांच्या विणीचा हंगाम आहे. का करता म्हणून विचारलं. म्हणाले, बुटाखाली कचकच वाजतं, बायका ओरडतात. एवढंच कारण!

मॉमच्या चर्चमध्ये जुन्या वस्तूंची विक्री आहे. ब्लोअर तिकडे दिला. डॅडींनी रिकाम्या खुंटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

या 'बरं'मध्ये संमती असते हे मी लहानपणापासून शिकले आहे.

२ मे, गुरुवार

मोठा दिवस. एल्मवुड कोर्ट पटवलं.

एल्मवुड कोर्ट म्हणजे निवृत्त लोकांची वसाहत आणि आमचं सगळ्यात मोठं काम. समितीच्या अध्यक्ष मिसेस हॅवरकॅम्प. त्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मला कॉलेजला पाठवा म्हणून आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. घरात त्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. डॅडींनी त्यांना विचारलं होतं, हिला तिथे शिकवणार काय. त्या म्हणाल्या होत्या, स्वतः विचार करायला.

त्यांच्यासमोर मी बोलले. नेहमीचं खत नदीनाल्यांत जातं. त्याऐवजी लोहाचे दाणे टाकू. निसर्गातलीच वस्तू, आणि गवत गर्द हिरवं होतं. महिनाअखेर मेमोरिअल डेची सुट्टी, सगळ्यांची मुलं-नातवंडं येणार, तोवर लॉन गालिच्यासारखं दिसेल. समितीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, व्हर्नचं, म्हणजे डॅडींचं, काय मत आहे. मिसेस हॅवरकॅम्प म्हणाल्या, आपण मेरीबेथचं ऐकतो आहोत.

घरी येऊन डॅडींना सांगितलं. त्यांनी जूनची शस्त्रक्रियेची तारीख पक्की केली. माझ्यासमोर, स्वतः फोन करून.

मी जिंकले. हे अहंकाराने लिहीत नाही. नोंद म्हणून.

२१ मे, मंगळवार

एल्मवुडला लोह टाकून झालं. सगळी घरं एका दिवसात. डॅडींना तीन लागायचे.

चकतीच्या बाजूला एक झडप असते. ती पाडली की दाणे फरशीवर उडत नाहीत. पण झडप पाडली की कडेच्या गवताला दाणे कमी पोचतात आणि कड पिवळी राहते. मला अर्धवट काम आवडत नाही. झडप उघडी ठेवली. थोडे दाणे ड्राइव्ह-वेवर सांडले, सांडू देत. निसर्ग सामावून घेतो.

डॅडी ट्रकमध्ये बसून होते. एकदा काच खाली करून म्हणाले, कचकच वाजेल. मी म्हटलं, डॅडी, वाजू दे.

२३ मे, गुरुवार

सकाळी मिसेस हॅवरकॅम्पचा फोन. आवाज शाळेतला. लगेच ये, म्हणाल्या.

एल्मवुडचे ड्राइव्ह-वे गेल्या वर्षीच नवे ओतलेले. पांढरेशुभ्र काँक्रीट. त्यावर पहाटे गवतासाठी आपोआप चालणाऱ्या फवाऱ्यांचं पाणी पडलं. आता प्रत्येक ड्राइव्ह-वेवर नारिंगी ठिपके. गोवर आल्यासारखे. घराच्या पायऱ्यांवर, एका बाईच्या संगमरवरी देवदूताच्या पंखांवर.

लोह. पाणी. गंज. रसायनशास्त्रात मला पैकीच्या पैकी होते.

पाण्याचा जोरदार झोत मारून पाहिला. ठिपके स्वच्छ झाले. म्हणजे अधिक स्पष्ट दिसू लागले.

दोष फवाऱ्यांच्या वेळापत्रकाचा आहे. ते मला कोणी कळवलं नव्हतं. हे मिसेस हॅवरकॅम्पना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी आठवीत असताना तसं पाहिलं की आम्ही आपोआप पाय जुळवून उभे राहायचो. मी जुळवले.

डॅडींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, "मला लोखंडाचं काय ठाऊक? मी कचकच वाजतं म्हणून उडवायचो."

त्यांना माहीत असतं तर बरं झालं असतं. मग मला त्यांच्यावर चिडता आलं असतं.

२७ मे, सोमवार. मेमोरिअल डे

तीन दिवस गुडघ्यांवर. तारेचा ब्रश आणि गंज काढायचं आम्ल. ते अंगावर उडू नये म्हणून हातमोजे, चष्मा, रबरी बूट. ज्या पोरीने वसाहत रसायनमुक्त करायची ठरवली होती तिचा हा पोशाख.

सगळीकडे शेगड्या पेटलेल्या, झेंडे लागलेले, नातवंडं धावतायत. म्हातारे घडीच्या खुर्च्या टाकून, हातात हॉट डॉग घेऊन आम्हाला बघत होते. एकाने डॅडींना विचारलं, काय व्हर्न, पोरीच्या कॉलेजची फी अजून फेडतोयस? सगळे हसले. डॅडीही हसले. मग त्याच्याच ड्राइव्ह-वेवर जाऊन वाकले. उजवा गुडघा टेकवता येत नाही म्हणून पाय बाजूला लांब पसरून, लहान मूल वाळूत बसतं तसे. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. म्हणाले, दोघांनी केलं तर लवकर होईल.

संध्याकाळी मिसेस हॅवरकॅम्प आल्या. म्हणाल्या, गवत मात्र खरंच इतकं हिरवं कधी झालं नव्हतं.

मग डॅडींकडे वळून म्हणाल्या, समितीचं ठरलं आहे. काम स्टिडमकडेच राहील, पण व्हर्न, तू स्वतः येणार असशील तर.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. स्वतः विचार करायला मला त्यांनीच पाठवलं होतं. आता समितीने विचार केला होता.

डॅडी म्हणाले, "बरं."

२८ मे, मंगळवार

डॅडींनी फोन करून शस्त्रक्रियेची तारीख रद्द केली. एवढा सीझन होऊ दे, म्हणाले.

मशीन गॅरेजमध्ये. निर्णय तात्पुरता आहे. लोकांच्या लक्षात येईल की चूक मशीनची नव्हती. माझीही एका मर्यादेतच होती.

पाटी शोधत होते. मॉमने ती फ्रिजला लावली आहे, खाली चर्चचं वेळापत्रक अडकवलं आहे. म्हणाली, इथे छान दिसते, रोज डोळ्यांसमोर राहते.

८ जून, शनिवार

डॅडी ढकलगाडी घेऊन एल्मवुडला. मी ट्रकमध्ये. समितीला मी दिसू नये म्हणून टोपी खाली ओढून.

मागच्या बाजूला उतार आहे. डॅडी तिथे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी गेले. ते गवतात बसले होते. ढकलगाडी उताराच्या तळाशी आडवी, खत सांडलेलं. उठता येत नव्हतं. मला पाहून म्हणाले, जरा बसलो आहे.

हात दिला. उठताना त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला. आजवर कधी टाकला नव्हता. जड आहेत.

उरलेलं खत मी टाकलं. खिडक्यांतून कोणी बघितलं असेल तर बघू दे.

ट्रकमध्ये मी म्हटलं, फळीवर तुम्हाला उभं राहता येत नाही, हे तुम्ही मार्चमध्येच सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "मी विचारलं होतं की, बसायची सोय आहे का."

मला वाटलं होतं ते चौकशी करतायत.

१० जून, सोमवार

एकटी किपकडे गेले. बसने, दोन बदलून. तो बसायचं मशीन द्यायला तयार आहे, नवं नव्हे, कुणीतरी वापरून परत केलेलं. सीट फाटकी, तिला चिकटपट्टी लावलेली. बदल्यात माझं घेणार. माझं चकचकीत आहे. दोन महिनेही वापरलं नाही.

डॅडींना विचारावं का? विचारलं तर म्हणतील, तू शिकलेली, तुला कळतं. ते वाक्य आता मला पुन्हा ऐकायचं नाही.

१५ जून, शनिवार

बदललं. गुरुवारीच. घरी आणून ठेवल्यावर सांगितलं.

डॅडींनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि बसले. सीट मागे-पुढे करून बघितली. मग झडप पाडून बघितली, उघडली, पुन्हा पाडली. अंगणाला फेऱ्या मारत राहिले. जेवायला बोलावलं तरी उतरले नाहीत. मॉमने सँडविच तिथेच नेऊन दिलं. त्यांना शिट्टी वाजवता येते हे मला माहीतच नव्हतं.

आज एल्मवुड सगळं एका दिवसात झालं. डॅडी खुशीत. खुर्च्यांवरचे म्हातारे हात हलवतायत, डॅडी टोपी उचलतायत. गुडघ्याला काहीही होत नाही म्हणे. परतताना म्हणाले, या गुडघ्याने आता आणखी दहा वर्षं सहज निघतील, उगाच कापाकापी कशाला. आणि मग मला म्हणाले, "तू म्हणालीस ते खरं होतं, पोरी. मशीनच हवं होतं."

मशीन हवं होतं. म्हणजे मार्चमधल्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटला.

ब्लोअर चर्चच्या विक्रीत कोणीच नेला नव्हता. तळघरात पडला होता. परत आणला. पाठीवर चढवून दिवसभर डॅडींच्या मागे चालले. कानठळ्या बसतात. पक्षी उडून जातात, थोड्या वेळाने परत येतात. ड्राइव्ह-वे स्वच्छ.

निघण्यापूर्वी सकाळी फ्रिजवरची पाटी काढली आणि मशीनला लावली. विचारलं नाही. पुढे जागा नव्हती, म्हणून सीटच्या मागच्या पत्र्यावर. तिथली अक्षरं वाचायला कोणीतरी मागून चालत यावं लागतं. तशी मी आज दिवसभर चालले.