जपून ठेवलेलं कुलूप

६ फेब्रुवारी

चाळीस डेस्कांची झाकणं एकदम मिटल्याचा आवाज — आज जाग येता येता स्पष्ट ऐकला. कविता संपली की बाई म्हणायच्या, "मिटा." सगळा वर्ग एका दमात झाकणं पाडायचा. मग जी शांतता पसरे, तिच्यात शेवटची ओळ बराच वेळ तरंगत राही. माझं झाकण मागाहून, एकटंच पडायचं. म्हणून शेजारच्या दशांशने माझं नाव 'तंद्री' ठेवलं. तो दशांश, कारण पेन्सिलीचा तुकडा वाटून घेतानाही त्याला दोन दशांश स्थळांपर्यंत हिशेब लागे. बासष्ट वर्षं झाली. नावं टिकली.

मुलाने पाठवलेला नवा कॉम्प्युटर आज मांडला. पेनड्राइव्हवरून पत्रं चढवली. दशांशची नऊ वर्षांची सगळी पत्रं आली — सहाशे चौदा. उद्या निवांत वाचीन.

७ फेब्रुवारी

एकही उघडत नाही.

८ फेब्रुवारी

पत्राच्या जागी नुसती अक्षरं. ओळीच्या ओळी, ना अर्थ ना विराम.

कुलूपबंद पत्रांचा हट्ट दशांशचा. दोघांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम — त्याने लिहिलेलं फक्त मी वाचायचं, मी लिहिलेलं फक्त त्याने. गुपित कसलं, तर आम्ही एकमेकांना कविता पाठवतो. स्वतःच्या. या वयात! "बायकांच्या हाती लागल्या तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल," हे त्याचं म्हणणं. मला पटलं होतं.

पासवर्ड मला पाठ आहे. पण प्रोग्राम तो विचारतच नाही. विचारला तर सांगेन ना!

हिने विचारलं, काय हरवलंय. म्हटलं, काही नाही. म्हणाली, "काही नाही शोधायला दोन दिवस लागतात होय?"

१० फेब्रुवारी

प्रोग्राममध्ये किल्ल्यांची यादी सापडली. तिच्यात माझं नाव आहे! जीव भांड्यात पडला. मग दिसलं — जुन्या कॉम्प्युटरवर माझं नाव ठळक अक्षरांत असायचं. इथे बारीक, दशांशच्या नावासारखंच. जणू मीही माझ्यासाठी कुणी दुसराच.

किल्ली मी तीन पेनड्राइव्हांवर काढून ठेवली होती. एक कपाटात, एक चष्म्याच्या घरात, एक हिच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली. तिन्ही लावून पाहिले. नाव बारीकच.

११ फेब्रुवारी

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंकडे गेलो. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला बसायला स्टूल दिलं. स्टूल दिलं तेव्हाच समजलो.

त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. एक वाटायची, तिने दुसऱ्यांनी तुमच्यासाठी पत्र बंद करायचं. दुसरी कुणाला द्यायची नाही. तिनेच ते उघडतं. किल्ली काढून ठेवताना प्रोग्राम विचारतो, यातली कुठली. जिच्यावर आधीच खूण केलेली होती तीच मी घेतली.

"काका, तुम्ही कुलूप तीन ठिकाणी जपून ठेवलंत. किल्ली जुन्या कॉम्प्युटरवरच राहिली."

तो तर मी मागच्या आठवड्यात त्यांच्याच दुकानात देऊन आलो होतो. मी आशेने पाहिलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "तुम्हीच बजावलंत, खासगी पत्रं आहेत, तीन वेळा पुसा. मी तीन वेळा पुसला."

पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं वाटलं असतं.

१२ फेब्रुवारी

दुपारभर एक बंद पत्र उघडं ठेवून बसलो. तारखेवरून ओळखलं — त्याच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरचं. त्यात कविता होती. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा दिसलेल्या भिंतीवरची. त्या भिंतीचा रंग आठवतो, ओळ एकही आठवत नाही. खिडकीतून ऊन आलं, पडद्यावरच्या अक्षरांवरून सरकत गेलं. मला वाटलं, आता ती हलतील. आता आपापल्या जागी जाऊन बसतील, मधली सुट्टी संपल्यावर मुलं बसतात तशी.

हिने चहा आणून ठेवला. गार झाल्यावर घेऊन गेली. 

१४ फेब्रुवारी

किल्ल्यांची नवी जोडी तयार केली. वाटायची किल्ली दशांशला साध्या, बिनकुलपाच्या पत्रातून पाठवली. सगळी हकिगत लिहिली, आणि आपली सहाशे चौदा पत्रं पुन्हा पाठव असं विनवलं.

एक अडचण आहे. त्याचाच नियम: नवी किल्ली आली की तिच्या ओळखीची चाळीस अक्षरं एकमेकांच्या आवाजात ऐकल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. पण फोनवरचं नीट ऐकू येत नाही म्हणून त्याने तो घेणं केव्हाच सोडलंय. चार वेळा लावला. वाजून वाजून थांबला.

१६ फेब्रुवारी

उत्तर आलं. दोनच शब्द.

"आपण कोण?"

बासष्ट वर्षांत त्याने मला 'आपण' म्हटलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

लिहिलं, अरे, मी तंद्री. त्यावर प्रश्न आला: तपासनीस आले त्या दिवशी वर्गात तुम्ही कुठली कविता म्हटलीत?

हसू आलं. हा काय विचारायचा प्रश्न! नदीची. तिसऱ्या कडव्यापाशी अडलो, तेव्हा तू वहीआडून पुढचा शब्द दिलास. तपासनीसांना तो ऐकू गेला, आणि ते म्हणाले, दोघांना मिळून एक शाबासकी. तू घरी जाताना म्हणालास, प्रत्येकी शून्य पूर्णांक पाच.

एवढं सगळं लिहून पाठवलं.

१९ फेब्रुवारी

"चूक. पुन्हा लिहू नये."

२० फेब्रुवारी

नदीचीच ना? की पाखरांची? काल रात्रीपर्यंत तिचं पाणी मला दिसत होतं. आज दिसत नाही. ही आठवण मी इतक्यांदा हातात घेतली, की मूळचं पुसून माझंच काही तिच्यावर चढलं असेल का? मग इतकी वर्षं मी कुणाच्या शाळेत जात होतो?

पत्रं गेली ती गेली. त्याला मी मीच वाटत नाही, हे काही सोसवत नाही.

संध्याकाळी हिला सगळं सांगून टाकलं. कवितांचंसुद्धा. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे. तुम्ही ओठ हलवत लिहिता." मग थोड्या वेळाने — "तो माणूस आहे ना अजून तिकडे? मग किल्ल्या कसल्या पाठवताय? जाऊन उभे राहा त्याच्यासमोर."

२१ फेब्रुवारी

परवाचं तिकीट काढलं. अकरा तासांचा प्रवास. गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.

२२ फेब्रुवारी

सकाळी साडेआठला बेल वाजली. दारात दशांशची बायको. एकट्याच, रात्रभराच्या प्रवासाने डोळे सुजलेले.

पाणीसुद्धा घेण्याआधी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं उत्तर बरोबर होतं. नदीचीच. लग्न झाल्यापासून हे मला तेच सांगत आले."

वर्षभरापासून त्याला आठवेनासं झालंय. आठ महिन्यांपूर्वी पासवर्ड गेला. पत्र बंद करून पाठवायला तो लागत नाही, म्हणून तो मला लिहीत राहिला. माझं आलेलं एकही उघडू शकला नाही. लाजेने घरात कुणाला सांगितलं नाही. परवा त्याच्या पडद्यावर माझं साधं पत्र आणि खाली त्याचं उत्तर वहिनींनी वाचलं, खोदून विचारल्यावर त्याने हे सगळं कबूल केलं, आणि त्या निघाल्या.

मी म्हटलं, माझ्याकडेही एकही उघडत नाही.

त्यांनी आता कुठे पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायल्या. मग म्हणाल्या, "कुलूप माझ्यासाठीच होतं ना? ठाऊक आहे मला. आता साधंच लिहा. मी वाचून दाखवीन त्यांना. हसणार नाही."