राखणदाराचा दगड आणि हिरवा शालू

मी, तुळजाबाई महिपत उतेकर, वय एकोणऐंशी, राहणार देऊळकोंड, तालुका पोलादपूर, राजीखुशीने आणि डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा अनिल याला शंका असते.

१. राहतं घर नात अंकिता हिला. ते उरलं कसं, हे तिला ठाऊक असावं. शेजारचा लष्करी तळ वाढणार होता आणि त्यात माझं घर जाणार होतं. मोजणीवाल्यांनी अंगणाच्या कडेला दगड रोवून त्याला शेंदरी रंग फासला. दीर हैबती यांना मोतीबिंदू. रस्ता रुंद करताना हरवलेला आमचा राखणदार देव परत आला असं समजून त्यांनी तिथे नारळ फोडला. मग कोंडातल्या, म्हणजे वाडीतल्या, सगळ्यांनी फोडले. शिमग्याला पालखीही तिथेच नाचली. कुंपण घालायला आलेल्या साहेबांनी बूट काढून हात जोडले आणि म्हणाले, "देव आणि त्याचं आवार सोडून कुंपण घाला." मी तोंडात पदर कोंबून हसत होते.

२. मोबदल्याच्या भरवशावर अनिलने महाडला फ्लॅट पसंत केला होता. त्याचं जाहिरातीतलं चित्र अजून भिंतीवर आहे. ते चित्र, खिळ्यासकट, अनिलला. खालचं भातखाचरही त्यालाच. शेवटी पोटचा आहे.

३. हैबतीभावोजी आता देवाने आपल्याला दृष्टांत दिला म्हणून सांगत फिरतात. माझ्या बचतीतून त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करावं, पण दुसरी मोजणी उरकल्यावरच.

४. ही दुसरी मोजणी माझी शेजारीण खैरुनबी हिच्या दारात येणार आहे. ती उठून गेली तर मी भांडू कोणाशी? तिच्याशिवाय मला करमत नाही. शेंदराचा डबा घेऊन मी तिच्याकडे गेले, तर म्हणाली, "गो तुळजे, आमच्यात शेंदूर चालत नाय. पिरावर हिरवी चादर चालते." आम्ही दोघी हसून हसून ओटीवर बसलो. म्हणून माझा लग्नातला हिरवा शालू खैरुनबीला. तिला साक्षीदार व्हायचं होतं, पण घेणाऱ्याची सही चालत नाही म्हटल्यावर रुसली आहे.

बाकी कलमं माझ्या मागे अमलात आणावीत. चौथ्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. मोजणीवाले आधी आले तर शालू आधी न्यावा. पेटीला कुलूप नाही.

सही: तुळजाबाई महिपत उतेकर

साक्षीदार:
१. गोमाजी जाधव, निवृत्त सुभेदार (हसत सही केली, तरी शुद्धीत)
२. अनुपमा सकपाळ, शिक्षिका

देऊळकोंड, ३ नोव्हेंबर २०२५