चौथा ठिपका

शनिवार, संध्याकाळ

आज बाबांना आमच्या प्रयोगशाळेत नेलं. बिरलानगरच्या मिलमध्ये त्यांनी उभी हयात कापडातले दोष शोधले. माझ्या चिपमधली प्रत्येक पेशी, म्हणजे एक चिमुकलं सर्किट, फक्त शेजारच्या पेशींशी बोलते आणि तरी सगळं चित्र एका दमात तपासून होतं, हे त्यांना पटतच नव्हतं. म्हणून त्यांनी चाचणीसाठी घरून कापड आणलं, त्यातले तीन तुटके धागे आधीच हेरून.

कापड चिपच्या कॅमेऱ्याखाली ठेवलं; पडद्यावर दोषांच्या जागी चार ठिपके उमटले. माझ्या चिपचं चुकलं का काही?

बाबांनी कापडावर चौथ्या ठिपक्याच्या जागी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "हा माझ्याकडून सुटला, बेटा."

परतताना इंदरगंजात ओळखीचे दुकानदार भेटले. बाबा छाती फुगवून त्यांना सांगत होते, "मुझसे छूट गया, बिटिया की चिप ने पकड़ लिया."