तिसरी किटली

हॅलिफॅक्स, २४ ऑक्टोबर

प्रिय विनीमावशी,

तुझा गुडघा जिने चढू देतो का, ते आधी कळव. मी बरी आहे. तुझी नात मार्था माझ्याकडे मजेत आहे (तिनं सगळं मार्मलेड संपवलं).

तू सांगितल्याप्रमाणे तिला गावातली, परीक्षा न घेता सगळ्यांना घेणारी शाळा दाखवून आणली आणि दोष टिपले. एकूण नऊ. स्वच्छतागृहाच्या पाच कड्यांपैकी तीन लागत नाहीत, भौतिकशास्त्राला वर्षभर कायमचा शिक्षक नाही. बाकीचे सोबतच्या कागदावर आहेत. खरा गोंधळ सभागृहात झाला. मुख्याध्यापिका दोनशे पालकांसमोर "आमच्याकडे प्रत्येक मुलाला" इथवर आल्या आणि ध्वनिक्षेपक, पडदा, चहाची दोन्ही भांडी एकदम बंद पडली. आपल्याकडे अशा वेळी जे होतं तेच झालं. सगळे चहाच्या टेबलाकडे सरकले, आणि तो गार होतोय हे कळल्यावर सभेत पहिल्यांदा खरी चिंता पसरली.

चहा वाटणारी कीली नावाची चौदा वर्षांची मुलगी टेबलाखाली वाकली, मागची लेबलं वाचली आणि म्हणाली, "दोन भांडी मिळून चार हजार वॉट, वर ही तिसरी किटली तीन हजार. या एका लाइनवर साडेचार हजारच चालतात. कुणी लावली ही? लेबल वाचायला पैसे पडतात का?" मग किटली काढून तिनं शिपाईकाकांना फ्यूजच्या पेटीतलं पडलेलं बटण वर करायला पाठवलं.

मार्थानं तिला विचारलं, "तू हुशारांच्या वर्गात आहेस?"

"गणितात सगळ्यात खालच्या. विजेच्या कामात वरच्या. इंग्रजीत मधे लटकलेय. तुझं काय?"

"मला वाचायला वेळ लागतो."

"मग माझ्याशेजारी बस. मलापण लागतो."

तुझ्या पसंतीच्या, बसनं पाऊण तासावरच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाल्यापासून, वाचायला वेळ लागतो हे मार्था कुणाला सांगत नव्हती. परतताना ती सगळा वेळ बोलत होती.

तुझी,
हेस्टर

ता. क. तुला फेरविचाराचा अर्ज करून त्याच शाळेसाठी भांडायचंय, हे मला माहीत आहे. प्रवेशाचा अर्ज सोबत आहे. पहिल्या पसंतीच्या रकान्यात मार्थानं स्वतः पेन्सिलनं या गावातल्या शाळेचं नाव लिहिलंय. त्यावर शाई फिरवून सही कर. मुदत ३१ तारखेची आहे.

ता. क. २. मी परीक्षा घेणाऱ्या त्याच शाळेत शिकले, पुढे विद्युत अभियंता झाले, याचा तुला अभिमान आहे. तो राहू दे. पण तिसरी किटली मी लावली होती.