उंच पोरीचे खांदे

आई,
खाप्यात घरी सगळ्यांले माहा जय भीम.

कंबर आता बरी आहे, काळजी नको करू. इथं नागपुरात एका ताईच्या योगाच्या क्लासले जाऊन राहिली. ताई जमिनीवर लेटवते अन् विचारते, "खांदे टेकले का?" माहे टेकतच नव्हते वं! उंच दिसू नये म्हणून शाळेपासून वाकूनच चालली ना मी.

रविवारी पाहुणे मले पाहायले येऊन राहिले. "पोरगा बुटका आहे, जरा वाकून ये," म्हणते तू. नाही वाकत! पोह्याचा ट्रे घेऊन सरळ येईन. त्याले मान वर करा लागली तर करू दे.

तुहे गुडघे कसे आहेत? अन् खरं सांग, तू बी बाबांपेक्षा उंच आहे ना? रविवारी माह्या बाजूले सरळ उभी राहजो. तू किती उंच आहे, ते मले एकदा तरी पाहू दे.

तुही ताठ पोरगी,
मोनाली