करकोचा दिसेपर्यंत

दाफिनाताई,

तुला आणि तुझ्या दोन्ही शेळ्यांना पोर्तुगालहून नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. हा सातवा देश. गाडी कुरकुरते, पण चढ चढते. ल्युबेन जेवतो. पूर्वीच्या निम्मंच, पण इथे ऊन फार, म्हणून असेल. आईचा गुडघा कसा आहे? टोमॅटोची रोपं लावलीस का?

तू एक मार्चला आमच्या मनगटांना बांधलेले लाल-पांढरे दोरे अजून तसेच आहेत. निघताना ल्युबेननं तुला शब्द दिला होता, की पहिला करकोचा दिसला की रीतीप्रमाणे दोरे फुललेल्या झाडाला बांधायचे, गाडी फिरवायची आणि थेट स्वतःच्या ऑपरेशनला हजर व्हायचं. ताई, इथे तर विजेच्या खांबाखांबावर करकोच्यांची घरटी आहेत! पण हा पठ्ठ्या तीन आठवडे मानच वर करत नाही. मी म्हणते, "वर बघ ना जरा." तर म्हणतो, "सूप निवतंय, आधी जेव." मी चिडले, रडलेसुद्धा. भित्रा कुठला, असंही म्हणाले.

काल दुपारी मात्र त्यानंच बोट दाखवलं. "स्नेझा, तो बघ, करकोचा. चल, जाऊ या घरी." दुसरा हात दोऱ्याच्या गाठीवर होता.

आणि माझ्या तोंडून निघालं, "छे रे, बगळा आहे तो."

डॉक्टरांचा फोन आला तर काय सांगायचं, ते तूच ठरव.

त्याच्याहून भित्री,
तुझी स्नेझाना